बीजप्रक्रियेशिवाय हरभऱ्याचा एकही दाणा जमिनीत जाऊ देऊ नका
हरभरा उत्पादक, शेतमालक, कृषी सेवा केंद्रे आणि ग्रामपंचायतींना तातडीचे आवाहन



सोयाबीनची मळणी उरकत आली आहे. शेत रिकामे झाले की वखराच्या एक-दोन पाळ्या द्यायच्या आणि ओल उडायच्या आत हरभरा पेरायचा, ही धावपळ आता विदर्भात, मराठवाड्यात, खानदेशात, अहिल्यानगर-सोलापूरकडे सगळीकडे सुरू होईल. ही घाई रास्तच आहे. ओल कुणासाठी थांबत नाही. तरीही या धावपळीतले दोन तास हे आवाहन तुमच्याकडे मागत आहे, कारण हरभऱ्याच्या मर रोगाशी लढायची वेळ हीच आहे. डिसेंबरात झाडे माना टाकू लागली की कोणत्याही दुकानातली कोणतीही बाटली त्यांना पुन्हा उभे करू शकत नाही.

मागणी तीनच गोष्टींची आहे.

१. बीजप्रक्रिया केल्याशिवाय एकही दाणा पेरू नका. बियाणे घरचे असो वा विकतचे.

२. ज्या तुकड्यात गेल्या काही वर्षांत मर लागली होती, तिथे यंदा हरभरा घेऊ नका.

३. झाड वाळताना दिसले की पंप भरण्याआधी ते उपटा, खोड चिरा आणि आत काय दिसते ते पाहा.

हे का, कसे आणि कोणी करायचे, ते पुढे सविस्तर सांगितले आहे. स्वतः वाचा, शेजाऱ्याला वाचून दाखवा.

नुकसान किती, ते आधी मोजू

३० बाय १० सेंटिमीटरवर पेरलेल्या हरभऱ्यात एकरी सुमारे १ लाख ३३ हजार झाडे बसतात. दहांतले एक झाड मेले, तर तेरा हजारांवर झाडे गेली. बांधावरून ते डोळ्यांत भरत नाही, कारण झाडे सलग न जाता इथे दोन, तिथे चार अशी जातात. काढणीच्या वेळी उतारा कमी आला की दोष थंडीला, धुक्याला किंवा घाटेअळीला दिला जातो. आता हिशेब करा. एकरी आठ क्विंटल येणाऱ्या शेतात दहा टक्के तूट म्हणजे ८० किलो हरभरा. २०२५-२६ च्या रब्बी पणन हंगामासाठी केंद्राने जाहीर केलेला ५,६५० रुपयांचा हमीभाव धरला, तर ४,५२० रुपये गेले. याउलट एकरी ३० किलो बियाण्याला किलोमागे ५ ग्रॅम ट्रायकोडर्मा चोळायचे, तर लागते फक्त १५० ग्रॅम पावडर.

दहा टक्के हा सौम्य अंदाज झाला. हैदराबादजवळच्या पाटणचेरूला इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेत डॉ. एम. पी. हवारे आणि डॉ. वाय. एल. नेने यांनी मर रोगावर अनेक वर्षे काम केले. रोगाला बळी पडणाऱ्या जातींत मर लवकर लागली तर ७७ ते ९४ टक्के आणि उशिरा लागली तर २४ ते ६५ टक्के नुकसान होते, असे त्यांनी १९८० साली मांडले. म्हणजे महिनाभराच्या रोपाला लागलेली मर जवळजवळ सगळेच नेते. घाटे भरताना लागलेली मर दाणे हाती येऊ देते, पण ते बारीक, सुरकुतलेले आणि वजनाला हलके असतात.

महाराष्ट्रात हरभरा वीस लाख हेक्टरांहून अधिक क्षेत्रावर पेरला जातो आणि राज्याच्या रब्बी हंगामाचा मोठा भार हेच पीक उचलते. इतक्या क्षेत्रावर दहांतले एक झाड वाचवणे याचा अर्थ प्रत्येकाने आपापल्या घरी ताडून पाहावा.

बुरशी सहा वर्षे विसरत नाही

मर रोग फ्युजॅरियम ऑक्सिस्पोरम नावाच्या जमिनीतल्या बुरशीमुळे होतो. ही बुरशी मुळावाटे आत शिरते आणि झाडात पाणी वर नेणाऱ्या नलिकांमध्ये वाढते. ठिबकची नळी गाळाने चोंदली की टाकी भरलेली असूनही झाडाला पाणी पोचत नाही, तसेच इथे घडते: जमिनीत ओल असते, मूळ वरून ठणठणीत दिसते आणि तरी झाड तहानेने मरते. म्हणूनच मर दिसल्यावर पाणी देणे निरुपयोगी ठरते. उलट ते पाणी बुरशीला पुढच्या ओळीत घेऊन जाते. पानांवर मारलेले औषधही या नलिकांत खाली मुळाकडे उतरत नाही.

या बुरशीची खरी ताकद तिच्या चिकाटीत आहे. हरभऱ्याचे एकही झाड नसताना ती जमिनीत सहा वर्षे जिवंत राहू शकते, असे हवारे, नेने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले. एवढेच नाही, तूर, मसूर आणि वाटाणा यांच्या मुळांत ती कोणतेही लक्षण न दाखवता मुक्काम करू शकते. तुरीचे झाड हिरवेगार दिसते, पण त्याच्या मुळाशी हरभऱ्याचा शत्रू सांभाळला जात असतो. त्यामुळे मर लागलेल्या शेतात एक वर्ष तूर घेतली आणि फेरपालट झाली, असे समजणे चुकीचे आहे.

दुसरी वाट बियाण्याची. उशिरा मर लागलेल्या झाडाचे दाणे हाती येतात, घरात साठवले जातात आणि पुढच्या वर्षी पेरले जातात. ही बुरशी दाण्याच्या डोळ्यापाशी दडून बसते, हे १९७८ मध्येच एका अभ्यासात स्पष्ट झाले होते. ज्या शेतात रोग कधीच नव्हता, तिथे तो अनेकदा असा पिशवीतून येतो. त्याच अभ्यासाने दिलासाही दिला: बुरशीनाशकाची नीट बीजप्रक्रिया केली की दाण्यातून येणारी ही बुरशी नष्ट करता येते. शास्त्राकडे उत्तर जवळजवळ पन्नास वर्षांपासून आहे. अडते ते पेरणीच्या सकाळी.

सगळीच मर एक नसते

गावात वाळलेल्या प्रत्येक झाडाला 'मर लागली' म्हणतात. पण हरभऱ्याच्या मुळा-खोडाचे किमान तीन बुरशीजन्य रोग आपल्याकडे आहेत. तिन्हींचा हंगाम वेगळा आणि कारणेही वेगळी. ओळख पटवायला प्रयोगशाळा लागत नाही, एक धारदार चाकू पुरतो.

मानकुज. पेरणीपासून सुमारे सहा आठवड्यांपर्यंत. रोप पिवळे पडते आणि उपटले की जमिनीलगतचा भाग कुजलेला दिसतो. त्यावर कापसासारखी पांढरी बुरशी आणि मोहरीच्या आकाराचे गोल दाणे असतात. ओल जास्त, हवा उबदार आणि जमिनीवर अर्धवट कुजलेला काडीकचरा असला की हा रोग फोफावतो. सोयाबीन काढून लगेच हरभरा पेरला जातो, तिथे नेमकी हीच स्थिती असते. ही बुरशी सोयाबीन आणि भुईमुगावरही जगते, त्यामुळे खरिपातला रोग रब्बीला वारशाने मिळतो.

मर. तीन ते पाच आठवड्यांचे रोप अचानक माना टाकते, किंवा फुलोरा-घाट्यांच्या काळात झाडाच्या काही फांद्या किंवा सगळे झाड लोंबते. पाने आधी मलूल होतात, रंग नंतर बदलतो. मूळ शाबूत असते, बाहेरून कूज दिसत नाही. खोड मुळाजवळ उभे चिरा: मधोमध तपकिरी-काळसर रेघ दिसली, तर ही मरच.

कोरडी मूळकुज. फुलोऱ्यानंतर, घाटे भरताना. झाड लोंबत नाही, उभ्या उभ्या वाळून गवताच्या रंगाचे होते. उपटायला गेलात तर सोटमूळ काडीसारखे मोडते, खालचा तुकडा जमिनीतच राहतो आणि बाजूची बारीक मुळे जवळपास नाहीशी झालेली असतात. साल सोलली तर आत कोळशाच्या भुकटीसारखे बारीक काळे कण दिसतात. तापमान तिशीच्या वर गेले आणि जमिनीतली ओल संपली की हा रोग उचल खातो.

या तिसऱ्या रोगाकडे विशेष लक्ष द्या. गेल्या काही दशकांत देशातला हरभरा उत्तरेच्या थंड मैदानांतून मध्य आणि दक्षिण भारताच्या उबदार पट्ट्यात सरकला आहे. आपली थंडी तोकडी आणि जानेवारीअखेरचे ऊन कडक. त्यामुळे कोरडी मूळकुज या पट्ट्यात वाढता धोका बनली आहे. मर-प्रतिकारक म्हणून घेतलेली जात या रोगालाही दाद देणार नाही, असे गृहीत धरू नका.

एक इशारा आणखी. चिबड जागेत पाणी साचूनही हरभरा पिवळा पडतो. कापणारी अळी आणि वाळवीही रोप आडवे करतात. ओळख न पटवता औषध आणणे म्हणजे पैसे मातीत घालणे.

बीजप्रक्रिया: पायरीपायरीने

बियाणे कोणते? कृषी विद्यापीठांनी मर-प्रतिकारक किंवा सहनशील जाती देऊन तीस वर्षे झाली. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या विजय, दिग्विजय, फुले विक्रम आणि फुले विक्रांत, अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या जॅकी ९२१८ आणि पीडीकेव्ही कांचन, बदनापूरच्या संशोधन केंद्राची बीडीएनजी ७९७ म्हणजे आकाश, अशी निवड आपल्या हाताशी आहे. आपल्या तालुक्यात, आपल्या जमिनीत कोणती टिकते, ते जवळच्या कृषी विज्ञान केंद्राला विचारा. या बुरशीचे अनेक वंश आहेत. भारतातले चार वंश हवारे आणि नेने यांनी १९८२ साली वेगळे करून दाखवले. म्हणून एका भागात टिकणारी जात दुसऱ्या भागात कमी पडू शकते. वर्षानुवर्षे घरचेच बियाणे वापरत असाल, तर तीन वर्षांनी तरी प्रमाणित बियाणे आणून बदला. मर लागलेल्या शेतातला हरभरा बियाण्यासाठी ठेवूच नका. तो दिसायला कितीही टपोरा असो, डाळीला पाठवा.

घरचे बियाणे असेल तर आजच शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळा. आठवडाभरात किती उगवतात ते पाहा. सत्तरच्या आत आले, तर ते बियाणे पेरणीच्या लायकीचे नाही.

पहिला थर बुरशीनाशकाचा. शेतात पूर्वी रोग आलेला असेल, तर कार्बोक्सिन आणि थायरम यांचे मिश्रण असलेले बुरशीनाशक वापरा. सर्वसाधारण मात्रा किलोला ३ ग्रॅम, म्हणजे ३० किलो बियाण्याला ९० ग्रॅम. पाकिटावर छापलेली मात्रा अंतिम समजा. बियाणे ताडपत्रीवर किंवा बीजप्रक्रियेच्या ड्रममध्ये घ्या, पाण्याचा हलका शिपका द्या आणि प्रत्येक दाण्याला रंग चढेपर्यंत फिरवा. पाणी जास्त झाले की हरभऱ्याची साल सुटते आणि दाणा फुटतो, म्हणून हात आवरता घ्या.

शेत स्वच्छ असेल आणि रसायन नको असेल, तर ट्रायकोडर्मा किलोला ५ ग्रॅम चोळा. ही उपयोगी बुरशी आहे. ती रोगकारक बुरशीची जागा आणि अन्न दोन्ही बळकावते. पण ती जिवंत आहे, हे ध्यानात ठेवा. पाकिटावरची मुदत पाहूनच घ्या, उन्हात तापलेल्या दुकानातले किंवा गाडीच्या डिकीत पडून राहिलेले पाकीट घेऊ नका, आणि कार्बेन्डाझिमसारख्या बुरशीनाशकात ते कधीही मिसळू नका. मिसळलेत तर स्वतःच्या हाताने ते मारलेत.

शेवटचा थर जिवाणू संवर्धकाचा. एक लिटर पाण्यात १२५ ग्रॅम गूळ उकळून पूर्ण थंड करा. त्यात रायझोबियम आणि स्फुरद विरघळवणाऱ्या जिवाणूंची पाकिटे कालवून बियाण्याला हलक्या हाताने चोळा. २५० ग्रॅमचे पाकीट १० ते १५ किलो बियाण्याला पुरते. तासभर सावलीत सुकवा आणि लगेच पेरा. क्रम ठरलेला आहे: आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक लागत असेल तर ते, आणि सर्वांत शेवटी जिवाणू. उलटा केला तर जिवाणू मरतात.

विकतच्या पिशवीतले बियाणे रंगीत असेल तर त्यावर आधीच रासायनिक प्रक्रिया झालेली असते. लेबल वाचा आणि पुन्हा रसायन लावू नका, फक्त जिवाणू संवर्धक चोळा.

आणि ही सूचना घरातल्या प्रत्येकाला सांगा. बीजप्रक्रियेच्या वेळी हातमोजे घाला, तोंडाला रुमाल बांधा, तिथे तंबाखू मळू नका. पेरायला आणि तिफणीवर मूठ धरायला बहुतेक ठिकाणी बायका असतात. त्यांच्या हातांना मोजे मिळाले का, हे आधी पाहा. प्रक्रिया केलेले उरलेले बियाणे भाजायला, भरडायला किंवा जनावरांना घालायला कदापि वापरू नका. हरभरा घरात सगळे तोंडात टाकतात. लहान मुलांच्या हाती हे दाणे लागणार नाहीत, याची जबाबदारी पेरणाऱ्याची आहे.

जमीन, तारीख आणि पाणी

एकरी २ किलो ट्रायकोडर्मा १०० किलो चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळा. सावलीत ढीग करून ओलसर ठेवा, गोणपाटाने झाका आणि आठ-दहा दिवसांनी शेवटच्या पाळीआधी शेतात पसरा. हे काम आजच सुरू केले, तरच पेरणीपर्यंत तयार होईल. शेणखत कच्चे असेल तर मुळीच घालू नका, ते मानकुजीला आमंत्रण ठरेल. त्याच कारणाने सोयाबीनची धसकटे, ओले कुटार आणि बुरशी लागलेली झाडे वेचून शेताबाहेर काढा.

तारखेत दोन्ही बाजूंनी मर्यादा आहे. जमीन गरम असताना फार लवकर पेरले, तर रोप कोवळे असतानाच मर आणि मानकुज गाठतात. फार उशीर केला, तर घाटे भरताना ऊन तापते आणि कोरडी मूळकुज येते. कोरडवाहू हरभरा सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात आणि बागायती हरभरा २० ऑक्टोबर ते १० नोव्हेंबर या दरम्यान पेरा. भारी जमिनीत रुंद वरंबा सरी पद्धतीने पेरले तर जास्तीचे पाणी सरीतून निघून जाते आणि मुळाशी हवा खेळते.

हरभऱ्याचे नुकसान जास्त पाण्यानेही होते. भारी जमिनीत साधारण ३०-३५ दिवसांनी एक आणि ६५-७० दिवसांनी दुसरे, अशी दोन पाणी पुरतात. मोठ्या भेगा पडेपर्यंत थांबू नका, कारण मग भेगांतून पाणी खोल जाऊन बसते आणि मुळे गुदमरतात. तुषार संच असेल तर तोच लावा. मोकाट पाणी देताना सरीचे शेवटचे टोक तुंबू देऊ नका. मात्र कोरडी मूळकुज येणाऱ्या हलक्या जमिनीत घाटे भरताना ओल तुटू देणेही तितकेच धोक्याचे आहे.

शेतमालकांनो, करार करताना हे पाहा

फेरपालट करा, हे सगळे सांगतात. ती का होत नाही, हे कुणी बोलत नाही. आज खेड्यातली बरीच जमीन मक्त्याने, ठोक्याने किंवा बटाईने कसली जाते आणि बोली बहुधा एका वर्षाची असते. कसणाऱ्याला पुढच्या वर्षी तेच शेत मिळेल याची खात्री नसते. त्यामुळे त्याने सोयाबीन-हरभरा, सोयाबीन-हरभरा हेच चक्र चालवणे साहजिक आहे. बुरशी मात्र सहा वर्षांच्या हिशेबाने बसलेली असते. नुकसान शेवटी जमिनीचे, म्हणजे मालकाचे होते.

पुण्या-मुंबईत, नागपुरात किंवा परदेशात राहून गावची जमीन मक्त्याने देणाऱ्या वाचकांनो, हे तुमच्यासाठी आहे. करार किमान तीन वर्षांचा करा. मर लागलेल्या तुकड्यात तीन वर्षांत एकदाही हरभरा येणार नाही, मधल्या रब्बीत ज्वारी, गहू किंवा करडई घेतली जाईल, अशी बोली ठेवा. त्यामुळे उत्पन्न थोडे कमी येणार असेल, तर मक्ता तेवढा कमी घ्या. तीन वर्षांत रोग पूर्ण जाणार नाही, पण बुरशीचा साठा घटेल आणि तुमची जमीन पुढच्या पिढीला हरभरा देण्याच्या स्थितीत राहील.

कसणाऱ्यांनीही पूर्ण शेतात फेरपालट शक्य नसेल, तर किमान रोगट तुकडा वगळावा. हरभऱ्यात करडई, जवस किंवा मोहरीचे आंतरपीक घेतले तर एका रोगाने सगळे हातचे जाणार नाही.

उभ्या पिकात रोग दिसला तर

पिकाच्या तिसऱ्या आठवड्यापासून दर आठ दिवसांनी शेतातून तिरपे चालत जा. वाळलेले झाड दिसले की मुळासकट उपटा, ओळख पटवा आणि ते पोत्यात भरून शेताबाहेर नेऊन जाळा. बांधावर फेकू नका, उकिरड्यावर टाकू नका. उपटलेल्या जागी ट्रायकोडर्मा मिसळलेले शेणखत किंवा पाण्यातले द्रावण मुळांपर्यंत जाईल असे ओता, जेणेकरून शेजारच्या झाडांना आधार मिळेल. मेलेले झाड त्याने परत येणार नाही, हे मनाशी पक्के करा.

शंका असेल तर दोन-तीन अर्धवट वाळलेली झाडे मुळासकट, थोड्या मातीसह कागदात गुंडाळून कृषी विज्ञान केंद्रात न्या. प्लॅस्टिकच्या पिशवीत नेलीत तर वाटेतच कुजतील आणि निदान चुकेल. केवळ शेंडा तोडून नेऊ नका, रोग खाली आहे. जाणे शक्य नसेल तर किसान कॉल सेंटरला १८००-१८०-१५५१ या निःशुल्क क्रमांकावर विचारा.

रोगट शेतात चाललेला रोटाव्हेटर, वखर किंवा पेरणी यंत्र दुसऱ्याच्या शेतात नेण्याआधी त्याची माती झाडा. भाड्याने ट्रॅक्टर चालवणाऱ्यांनी हे पाच मिनिटांचे काम स्वतःहून करावे.

गावाने काय करायचे

एकट्याची बीजप्रक्रिया अर्धीच कामाची. वरच्या शेतातले पाणी खालच्या शेतात येते, औजारे गावभर फिरतात, बियाणे हातोहात जाते. म्हणून हे काम गावाने एकत्र करावे.

ग्रामपंचायतींनी आणि शेतकरी उत्पादक कंपन्यांनी बीजप्रक्रियेचे एक-दोन ड्रम खरेदी करावेत किंवा कृषी विभागाकडून मागवावेत. पेरणीच्या आधी आठ दिवस समाजमंदिरापुढे किंवा शाळेच्या पटांगणाबाहेर ठरावीक वेळेत ड्रम लावावा. ज्याने त्याने आपले बियाणे आणावे आणि प्रक्रिया करून न्यावे. कृषी विभागाचे गावातले कर्मचारी आणि कृषी महाविद्यालयातून आलेले कृषिदूत आणि कृषिकन्या यांना त्या दिवशी जाहीर निमंत्रण द्या. त्यांचे शिक्षण तिथे उपयोगी पडेल.

दुसरे काम वहीचे. शंभर पानी वहीत गावाचा नकाशा चिकटवा आणि दर वर्षी कोणत्या गट नंबरात, कोणत्या भागात, कोणता रोग दिसला, ते नोंदवा. जात कोणती होती, तेही लिहा. आपल्याला गेल्या वर्षीची मर जेमतेम आठवते, सहा वर्षांपूर्वीची नाही. ती आठवण कागदावर असली, तर पुढच्या पेरणीला कुठे हरभरा टाळायचा याचा निर्णय अंदाजावर राहणार नाही. रोग नोंदवला म्हणून कुणाच्या शेताला नावे ठेवू नका, नाहीतर पुढच्या वर्षी कुणीच खरे सांगणार नाही.

कृषी सेवा केंद्रचालकांना हात जोडून विनंती आहे. डिसेंबरात घाबरून आलेल्या शेतकऱ्याच्या हाती 'मरीवर रामबाण' म्हणून टॉनिक देऊ नका. ऑक्टोबरात बियाण्याच्या प्रत्येक पिशवीसोबत बुरशीनाशक किंवा ट्रायकोडर्मा आणि रायझोबियम समोर ठेवा, मात्रा सांगा, मुदत दाखवा, पक्के बिल द्या. ट्रायकोडर्माची पाकिटे पत्र्याखाली न ठेवता थंड जागी ठेवा. तुमचा शब्द गावात अनेकदा विद्यापीठाच्या शिफारशीपेक्षा जास्त चालतो. तो पेरणीच्या आधी वापरा.

आजपासून पेरणीपर्यंत

आज: शंभर दाण्यांची उगवण चाचणी लावा. शेणखतात ट्रायकोडर्मा मिसळून ढीग झाका. गेल्या वर्षी कुठे झाडे वाळली होती, तो तुकडा दगडाने खुणा करून वेगळा ठेवा.

येत्या आठवड्यात: जात ठरवा, बियाणे, बुरशीनाशक आणि जिवाणू संवर्धक आणा. काडीकचरा वेचा. ग्रामपंचायतीकडे ड्रमची मागणी करा.

पेरणीच्या आदल्या दिवशी: बुरशीनाशकाची प्रक्रिया.

पेरणीच्या सकाळी: जिवाणू संवर्धक, तासभर सावली आणि पेरणी.

मजूर ठरलेला असेल, ट्रॅक्टर दारात उभा असेल आणि बीजप्रक्रिया राहून गेली असेल, तरी ट्रॅक्टर तासभर थांबवा. त्या तासाचे भाडे जाईल ते जाऊ द्या. ड्रम नसेल तर ताडपत्री अंथरा, ताडपत्री नसेल तर गोणपाट. पण तिफणीच्या चाड्यात कोरा, प्रक्रिया न केलेला हरभरा पडू देऊ नका. आणि ही गोष्ट आज रात्री जेवणाआधी आपल्या शेजारच्या शेतकऱ्याला फोन करून सांगा, कारण त्याची पेरणी कदाचित उद्या सकाळीच असेल.